चढाचे देणे उतारावर फिटते का?

पुण्याजवळच्या आळंदीहून इंद्रायणीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की चऱ्होली लागते. नदीच्या एका काठाला चऱ्होली बुद्रुक, तर पलीकडच्या काठाला चऱ्होली खुर्द. नाव एक, पण गावे दोन आणि तालुकेही दोन. बुद्रुक हवेलीत, खुर्द खेडमध्ये. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. तरीही नदीचा काठ, शेते, ओढे आणि आसपासचे माळ यांमुळे सायकलवरून भटकायला हा मुलूख चांगला आहे. एकीकडे आळंदी, देहू. दुसरीकडे मरकळ आणि जिथे इंद्रायणी भीमेला मिळते ते तुळापूर.

अशा सहलीला निघताना आपण साधारणपणे काय विचारतो? “अंतर किती?” अठरा किलोमीटर म्हटले की ताशी १५ किलोमीटरने भागतो, सव्वा तास होतो आणि आपण निर्धास्त होतो. वाटेत चढ आहेत असे कोणी सांगितलेच, तर आपले उत्तर तयार असते: “चढ आहे तसा उतारही आहेच की! इकडचा तोटा तिकडे भरून निघेल.”

हे उत्तर बरोबर आहे का, हेच आज आपण तपासून पाहणार आहोत. त्यासाठी अवघड गणित लागत नाही. लागतात त्या तीन गोष्टी: भागाकार, ऊर्जेचा नियम आणि तुमची सायकल.

आधी एक कोडे

एक किलोमीटर चढ आहे आणि त्यापुढे एक किलोमीटर उतार आहे. चढावर तुमची चाल ताशी १० किलोमीटर पडली. दोन्ही किलोमीटरांची सरासरी चाल ताशी २० किलोमीटर व्हावी अशी तुमची इच्छा आहे. तर उतारावर सायकल किती वेगाने चालवावी लागेल?

बहुतेक जण चटकन ‘ताशी ३०’ असे सांगतील. दहा आणि तीस यांची सरासरी वीस! आता कागदावर मांडून पाहा. ताशी १० ने एक किलोमीटर जायला ६ मिनिटे लागली. ताशी ३० ने दुसरा किलोमीटर जायला २ मिनिटे लागतील. एकूण २ किलोमीटरांना ८ मिनिटे, म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटर. वीस नव्हे!

मग उतारावर ताशी ६० ने गेलो तर? एक मिनिट लागेल, एकूण ७ मिनिटे. सरासरी ताशी १७ च्या आसपास. अजूनही वीस नाहीच. ताशी २० या सरासरीने २ किलोमीटर जायला वेळ मिळतो तो फक्त ६ मिनिटांचा, आणि ती सहाही मिनिटे चढानेच खाल्ली! उतारासाठी शिल्लक वेळ शून्य. म्हणजे या कोड्याचे उत्तर असे की, कितीही वेगाने गेलात तरी ते जमणार नाही.

असे का झाले? चढावर आपण कमी चालीने जातो म्हणून तिथे जास्त वेळ राहतो. उतारावर वेगाने जातो म्हणून तिथे थोडाच वेळ असतो. सरासरी चाल वेळावर ठरते आणि वेळाच्या हिशेबात चढाचेच पारडे जड असते.

रस्ता वर-खाली का होतो?

नदीकाठचा रस्ता सपाट असावा असे आपल्याला वाटते. पण नदीला दोन्ही बाजूंनी ओढे येऊन मिळतात आणि प्रत्येक ओढ्याने आपली लहानशी दरी कोरलेली असते. नदीच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याला हे ओढे एकामागून एक ओलांडावे लागतात. म्हणून रस्ता साकवापर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो. अशा खोलगट जागेला आपल्याकडे लवण म्हणतात. याउलट नदीकडे पाठ करून माळाकडे निघालात, तर लांबलचक चढ लागतो. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंचीवर आहे आणि नदीकाठचे चऱ्होली त्याहून सखल आहे. त्या दिशेला जाणाऱ्याला ही उंची पायांच्या बळावर चढावी लागणारच.

आपल्याकडचे हे माळ लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या दगडाचे आहेत. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘डाउन्स’ नावाच्या टेकड्या आहेत, त्या खडूच्या पांढऱ्या दगडाच्या. दगड निराळे, पण सायकलस्वाराला दोन्हीकडे एकच अनुभव येतो. फार उंच डोंगर नाही आणि सलग सपाटीही नाही. एक गाव मागे टाकावे, टेकाड चढावे, उतरावे, की पुढचे गाव येते. म्हणूनच आपला प्रश्न तिथल्या सायकलस्वारांनाही फार पूर्वीपासून पडत आला आहे.

चढावर साठवलेली ऊर्जा जाते कुठे?

समजा, तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आहे. सायकल, पाण्याची बाटली आणि डबा मिळून आणखी २५. एकूण ७० किलोग्रॅम. चढ शंभराला तीन, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ३ मीटर वर. अशा एक किलोमीटर चढावर तुम्ही ३० मीटर उंच जाता. त्यासाठी केलेले कार्य:

७० × ९.८ × ३० = २०,५८० जूल.

ही ऊर्जा वाया गेलेली नाही. उंचीवर पोहोचलेल्या सायकलीत आणि तुमच्यात ती स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठलेली आहे. आता पायडल न मारता तेवढाच उतार उतरा. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तर मोडत नाही. मग सगळे २०,५८० जूल गतीच्या रूपाने परत मिळायला हवेत, नाही का?

तसे झाले असते, तर पायथ्याशी तुमचा वेग ताशी ८७ किलोमीटर भरला असता! प्रत्यक्षात, सरळ बसून चालवायच्या साध्या सायकलीचा वेग अशा उतारावर ताशी २५ किलोमीटरांच्या आसपास येऊन थांबतो. कारण दोन चोर वाटेत टपलेले असतात.

पहिला चोर टायर. रस्त्याला टेकलेला टायर दर क्षणी चेपतो आणि पुन्हा फुगतो. त्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. आपल्या उदाहरणात हा विरोध सुमारे साडेपाच न्यूटन धरू. एक किलोमीटरला झाले ५,५०० जूल. टायरमध्ये हवा कमी असेल तर हा चोर आणखी माजतो.

दुसरा चोर हवा, आणि हा फार लबाड आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. हळू जाणाऱ्याकडे ती लक्षच देत नाही, पण वेगाने जाणाऱ्याचा खिसा पुरता कापते. उतारावरचे सुमारे १३,००० जूल ती घेऊन जाते.

पायथ्याशी तुमच्याजवळ गतिज ऊर्जा उरते ती अवघी १,७५० जूलच्या आसपास. साठवलेल्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! एवढ्या ऊर्जेवर पुढचा चढ किती चढता येईल? जास्तीत जास्त अडीच मीटर उंचीचा. तीस मीटर उतरून मिळाले अडीच मीटर. चढाचे देणे उतारावर का फिटत नाही, हे आता स्पष्ट झाले.

लहान लवणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. दोन मीटर उतरून लगेच दोन मीटर चढायचे असेल, तर वेग फारसा वाढत नाही आणि हवेला लुटायला सवडही मिळत नाही. पायडल थांबवले नाही आणि ब्रेक लावावा लागला नाही, तर सपाटीच्या मानाने थोडेच जास्त श्रम पडतात. पण साकवावर खडी पसरली असेल, म्हशी आडव्या येत असतील, तर ब्रेक लावलाच पाहिजे. मग उरलीसुरली गतिज ऊर्जा रिम आणि ब्रेकचे रबर तापवण्यात खर्च होते, आणि समोरचा चढ पुन्हा शून्यापासून चढावा लागतो.

पायाखालचे गणित

चढावर सायकलवरून उतरून ती ढकलत न्यावी लागली की बरोबरची मुले हसतात. हसणाऱ्यांना पुढचा हिशेब दाखवा.

साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चकतीला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात आहेत असे समजू. पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते.

आता पायाकडे पाहा. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटरांचा. पाय वरून खाली येतो तेव्हा ३४ सेंटिमीटर उतरतो. एका फेऱ्यात दोन्ही पाय मिळून ६८ सेंटिमीटर. तुम्ही नुसते पायडलवर उभे राहिलात, तर तुमचे वजन, म्हणजे ४५ × ९.८ = ४४१ न्यूटन, एका फेऱ्यात ०.६८ मीटर खाली येते. कार्य झाले ३०० जूल. हे ३०० जूल ५.४ मीटर अंतरावर वाटले गेले, म्हणजे सायकलीला पुढे नेणारे बल सुमारे ५५ न्यूटन.

शंभराला तीनच्या चढावर गुरुत्वाकर्षण आणि टायर मिळून २६ न्यूटन मागे ओढतात. हवेचे दोन-अडीच धरा. तेवढे सहज जमते. पण शंभराला सातच्या चढावर गुरुत्वाकर्षणच ४८ न्यूटनने ओढते, आणि टायर व हवा मिळून बेरीज ५५ च्या घरात जाते. म्हणजे तुम्ही सगळे वजन टाकून पायडलवर उभे राहिलात तरी सायकल जेमतेमच पुढे सरकेल! याहून तीव्र चढावर हँडल हातांनी वर ओढून काही पावले जाता येईल, पण फार लांब नाही. तेव्हा उतरून ढकलणे यात कमीपणा काही नाही. तो सायकलीच्या दातांचा हिशेब आहे.

गिअर असलेली सायकल हाच हिशेब बदलते. पुढे २८ आणि मागेही २८ दात असतील, तर एका फेऱ्यात सायकल फक्त २.२ मीटर जाते, पण बल सुमारे अडीचपट मिळते. फुकट मात्र काहीच मिळत नाही. आधी एका किलोमीटरला सुमारे १८५ फेरे लागत होते, आता सुमारे ४५५ लागतील. कष्टाचा डोंगर तेवढाच राहतो. गिअर फक्त त्याच्या पायऱ्या लहान करतो.

इंग्लंडमधील धोक्याच्या पाट्या

गिअरची ही गरज चढउतारांच्या मुलखातच लोकांना आधी जाणवली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे अगदी लहान अशा सायकली होत्या. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असे, त्यामुळे गिअरचे काम चाकाचा आकार वाढवूनच करावे लागे. उतारावर जोरात ब्रेक लावला की स्वार हँडलवरून डोक्यावर पडे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्री शहरात दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पुढे १९०२-०३ च्या सुमारास नॉटिंगहॅमला तीन गिअर असलेला मागच्या चाकाचा तुंबा तयार झाला आणि टेकड्यांच्या मुलखात हिंडणे सोपे झाले. आपल्या ओळखीची सळईच्या ब्रेकची काळी सायकल ही याच इंग्लिश घराण्यातली.

सायकलवरून गावोगाव हिंडणाऱ्यांची एक संघटना तिथे १८७८ सालीच स्थापन झाली होती. त्या काळी रस्त्यांवर आजच्यासारख्या खुणा नव्हत्या. या संघटनेने काय करावे? जिथे उतार धोकादायक असेल तिथे टेकडीच्या माथ्यावर सावधगिरीच्या पाट्या लावायला सुरुवात केली. पाट्या माथ्यावर होत्या, हे ध्यानात घ्या. चढ दमवतो, जिवावर बेततो तो उतार. उतार सुरू झाल्यावर इशारा मिळून उपयोग नसतो.

थांबायला किती जागा लागते?

चढावर गेलेला वेळ भरून काढण्याचा मोह उतारावरच होतो. म्हणून हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा.

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या वेळात सायकल पहिल्याच वेगाने धावत असते. त्यानंतर ब्रेक आपले काम करतात. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, वेग दर सेकंदाला अडीच मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो असे मानले, तर सपाटीवर असे उत्तर येते:

ताशी १५ किलोमीटर: ४.२ मीटर + ३.५ मीटर = सुमारे ८ मीटर.

ताशी ३० किलोमीटर: ८.३ मीटर + १३.९ मीटर = सुमारे २२ मीटर.

वेग दुप्पट झाला, पण थांबायला लागणारी जागा जवळजवळ तिप्पट झाली. कारण ब्रेकला जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा चौपट झालेली असते. उतारावर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध ओढते, म्हणून जागा आणखी लागते. आणि पावसात? ओल्या लोखंडी रिमवर रबराची पकड अर्ध्याहूनही कमी होते. वेग दर सेकंदाला एकच मीटर प्रति सेकंदाने कमी होत असेल, तर ताशी ३० वरून थांबायला ४० मीटरांहून अधिक जागा हवी. वळणाच्या पलीकडून ऊस भरलेला ट्रॅक्टर किंवा चाकणच्या कारखान्याकडे निघालेला ट्रक येत असेल, तर एवढी जागा तुम्हाला कोण देणार?

आता मिळकत आणि धोका शेजारी ठेवून पाहा. एक किलोमीटर उतार ताशी २० ऐवजी ताशी ३० ने उतरलात, तर वाचतो तो एकच मिनिट. त्या एका मिनिटासाठी थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट करून घ्यायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे!

सहलीचा आराखडा

समजा, चऱ्होलीहून आळंदी-मरकळमार्गे तुळापूरला जाऊन यायचे आहे आणि एका बाजूचे अंतर १८ किलोमीटर धरले. त्यातले १२ किलोमीटर सपाट, ३ चढाचे, ३ उताराचे. सपाटीवर ताशी १५, चढावर ८ आणि उतारावर सांभाळून २० असा वेग धरा. वेळ होतो ४८ + २२.५ + ९, म्हणजे सुमारे ८० मिनिटे. नुसत्या भागाकाराने आला होता ७२ मिनिटे. जाऊन-येऊन पंधरा मिनिटांचा फरक पडला. त्यात एक पंक्चर आणि दोन विसावे मिळवा, म्हणजे सहज एक तास वाढतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. हा तास सकाळीच हिशेबात धरला नाही, तर शेवटचा टप्पा अंधारात, दमलेल्या पायांनी आणि वाहनांच्या गर्दीतून काटावा लागेल. घाई होते ती अशी, आणि अपघात होतात तेही असेच.

वाऱ्याचाही हिशेब असाच आहे. पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. तुळापूर चऱ्होलीच्या पूर्वेला. जाताना वारा पाठीवर असतो, तेव्हा आपण कोणी मोठे सायकलपटू आहोत असे वाटते; येताना तोच वारा तोंडावर येतो. जाताना ताशी २० आणि येताना ताशी १० पडले, तर सरासरी १५ नव्हे, सुमारे १३ येते.

लांबचा पल्ला गाठणारे हा हिशेब पक्का ठेवतात. इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथे शिकणाऱ्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिला सुमारे १५९ दिवस लागले. भागाकार करून पाहा: रोज सरासरी १८० किलोमीटरांहून अधिक. ही सरासरी एखाद्या उतारावरच्या भन्नाट वेगाने येत नाही. ती चढावर आणि उलट्या वाऱ्यातही न थांबता, आपल्या बेताने पायडल मारत राहिल्याने येते.

करून पाहा

१. गल्लीतल्या किंवा शाळेच्या आवारातल्या चढावर एक मीटर लांबीची सरळ पट्टी ठेवा. तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवा. पट्टीचे खालचे टोक पाणसळ समतल दाखवीपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. जितके सेंटिमीटर, तितका शंभराला चढ. हा प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर करू नका.

२. आपल्या सायकलीच्या पुढच्या आणि मागच्या चकतीचे दात मोजा. चाकाचा परीघ दोरीने मोजा. एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते काढा, आणि मग आपल्या वजनासाठी ‘उतरून ढकलण्याचा चढ’ कोणता ते शोधा.

३. शाळेत जाण्याचा रस्ता चढ, उतार आणि सपाटी असा वाटून घ्या. प्रत्येक भागाला लागणारा वेळ घड्याळ लावून टिपा. येतानाही टिपा. दोन्ही आकडे सारखे आले नाहीत, तर कारण शोधा.

४. निघण्यापूर्वी टायर दाबून पाहा, दोन्ही ब्रेकचे रबर झिजले नाही ना हे तपासा, आणि उतार माथ्यावरूनच सावकाश सुरू करा.

पुढच्या सुट्टीत सहलीला निघाल तेव्हा “अंतर किती?” हे विचाराच. पण त्याच्या जोडीला “चढ किती?” हेही विचारा, आणि घड्याळाकडे पाहून निघा.